आढ्याला टांगलेली होडी

९ नोव्हेंबर, रविवार

होडी घरी आली. त्यासाठी फाटक काढावं लागलं आणि जास्वंदीचं झाड मोडलं, पण आली एकदाची. जबलपुरात, घमापूरच्या आमच्या गल्लीत भाजीचा ठेला आडवा आला तरी लोक एकमेकांच्या सात पिढ्या काढतात. तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून एक सागवानी होडी आली म्हणजे काय तमाशा झाला असेल. शेजारचा अंजनी तिवारी बनियनवरच बाहेर आला आणि म्हणाला, "मोहन भैया, नर्मदा जी अब यहाँ तक आने वाली हैं क्या?" हस म्हटलं बापा, हसून घे.

मी खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत एक्झामिनर होतो. लोकांनी बनवलेला माल तपासायचा आणि खोट दिसली की बाजूला काढायचा. रिटायर झाल्यापासून तपासायला काही उरलं नाही. शैला म्हणते, आता मी तिच्या पोळ्या तपासतो. होडीचं काम मात्र पद्धतशीर करायचं आहे, म्हणून ही डायरी.

होडी भय्यासाहेबांची. नोकरीला लागलो तेव्हा मी त्यांच्या बंगल्यामागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. तेव्हापासून ती बघत आलो. मागच्या शेडमध्ये आढ्याला दोरांनी टांगलेली, पोटावर धूळ, आतमध्ये पारव्यांची घरटी. भय्यासाहेब गेल्या वर्षी वारले. बंगला आता पडणार, त्यांची बायको, सत्यवतीकाकू, छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. मला बोलावून म्हणाल्या, "मोहन, तू सदा तिच्याकडे मान वर करून बघायचास. घेऊन जा. फक्त घाई करू नको."

शैला घरी नाही. एकादशीला भजनमंडळाच्या बायकांसोबत बसने मंडल्याकडे गेली आहे. आल्यावर अंगणात हे धूड बघून काय म्हणेल, याचीच धास्ती आहे.

१७ नोव्हेंबर

शैला आली. होडीभोवती एक चक्कर मारली, लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चांगली आहे." एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालं नाही. हे काही ठीक लक्षण नाही.

मंडल्याहून येताना तिने एक काचेची लहान कुपी आणली. त्यात नर्मदेचं पाणी. देवघरात ठेवली आहे आणि सकाळ-संध्याकाळ तिच्यापुढे फूल, दिवा, आरती चालू आहे. झोपते खाली चटईवर. विचारलं तर म्हणे पाठीला बरं वाटते. जेवते एकदाच. म्हटलं, शुगर तपासून घे. तर हसली.

गीतांजली डिसेंबरात बाळंतपणाला इकडे येणार आहे. नागपूरहून पियूष स्वतः सोडून देईन म्हणतो. जावई चांगला आहे. पोरीची ही तिसरी खेप. दोनदा हातातोंडाशी आलेला घास गेला. तेव्हा शैलाने काय काय नवस बोलले, किती उपास धरले. दुसऱ्यांदा ते झालं तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी सगळ्यांसमोर तोडून बोललो होतो, की उपासांनी मूल वाचत नसते, या घरात पुन्हा नवसाचं नाव काढलं तर माझ्याशी गाठ आहे. बरंच केलं. तेव्हापासून ते सगळं बंद आहे.

होडीची तपासणी केली. सागवान अस्सल, खिळे तांब्याचे, पण फळ्या वाळून आखडल्या आहेत. दोन फळ्यांच्या मधून माझं बोट आरपार जाते. फॅक्टरीत एवढी फट असलेला माल आला असता तर मी आणणाऱ्यालाच बाहेर काढलं असतं.

३० नोव्हेंबर

काकूंकडे गेलो होतो, शैलालाही नेलं. होडीच्या मालकांची एक पाटी रंगवायची मनात आहे. सगळ्यांची नावं क्रमाने, शेवटी माझं. काकूंकडून इतिहास काढला तो असा.

तोफगाड्यांच्या फॅक्टरीतल्या एका इंग्रज साहेबाने ती इथल्याच सुतारांकडून बनवून घेतली. त्याला बदकांच्या शिकारीचा नाद. त्याची मडम एकदा बसली, ओकली आणि पुन्हा म्हणून बसली नाही. साहेब देश सोडून गेला तेव्हा होडी बाबारावांना देऊन गेला. बाबाराव म्हणजे भय्यासाहेबांचे वडील, अमरावतीकडून आलेले ठेकेदार. त्यांच्या काळात जबलपूरच्या मराठी मंडळींचे गणपती याच होडीतून ग्वारीघाटाच्या मधल्या धारेत विसर्जित व्हायचे. मग भय्यासाहेब. ते आणि काकू दर रविवारी भरीत-भाकर बांधून घेऊन पलीकडच्या काठावर जायचे. काकू वल्हं मारायच्या, हे ऐकून मी थक्क झालो.

आणि मग अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर होडी एकदम पाण्याबाहेर. पुन्हा कधी पाण्यात गेली नाही.

विचारलं, काहून? काकू म्हणाल्या, काढावीशी वाटली, काढली. म्हटलं, दर रविवारी वापरातली वस्तू उगीच कोणी टांगून ठेवते का? तर म्हणाल्या, "चहा घे, निवून राहिला." शैला खाली कपात बघत होती. दोघी एकमेकींकडे एकदाही बघत नव्हत्या.

माझं नाक एक्झामिनरचं आहे. इथे काहीतरी पाणी मुरते आहे. कोणीतरी बुडालं असणार.

निघताना काकूंनी सांगितलं, की आधी होडी उथळ पाण्यात बुडवून ठेव, लाकूड पाणी पिऊन फुगू दे, उरलेल्या फटीत कापूस आणि राळ भर, आमचे सासरे असंच करायचे. म्हटलं, काकू, तेव्हा इपॉक्सी नव्हती. आता असा मसाला मिळतो की एकदा भरला की दगड. फट शिल्लकच ठेवायची नाही.

८ डिसेंबर

पियूषचा फोन. गीतांजलीचं बीपी वाढलं आहे. डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली, पलंगावरून उतरायचं नाही म्हणाले. बाळंतपण नागपूरलाच.

शैलाने फोन हातात धरून सगळं ऐकलं. मी म्हटलं, घाबरू नको, उद्याच्या गाडीने निघू, तू तिथेच राहा बाळ होईपर्यंत, माझं मी बघतो. तिने फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "मी नाही येऊ शकत."

मला वाटलं, पाठीचं म्हणते. म्हटलं, झोपून जाऊ, खालचा बर्थ काढतो. तर म्हणाली, "पाठीचं नाही. आत्ता मला नागपूरला जाता येत नाही. विचारू नका."

विचारू नका? पोटची पोर तिसऱ्यांदा जिवावर उदार होऊन पलंगाला खिळली आहे आणि आई म्हणते येता येत नाही. मी बोलायचं ते बोललो. ती देवघरात जाऊन त्या कुपीसमोर बसली, आणि खूप वेळ बसून होती.

१६ डिसेंबर

नागपूरला एकटाच जाऊन आलो. पोर सुकून गेली आहे. मला बघून तिची नजर माझ्या मागे दाराकडे गेली, की आई येते का. माझ्याच्याने बघवलं नाही. म्हटलं, आईची पाठ धरली आहे. ती म्हणाली, "बाबा, आई रोज व्हिडिओवर खाली वाकून दिवा लावताना दिसते मला." मग तोंड भिंतीकडे केलं.

शैलाने माझ्याजवळ डिंकाचे लाडू आणि शिवलेली दुपटी दिली होती. दुपट्यांना बारीक टाका घातलेला. एवढं जीव तोडून शिवता येते आणि पाच-सहा तासांचा प्रवास करता येत नाही, हे गणित मला सुटत नाही.

येताना नर्मदेवर, तिलवाऱ्याच्या पुलावर डोक्यात लखकन प्रकाश पडला. हा सगळा होडीवरचा राग आहे. मी न विचारता होडी आणली, घरात तिच्याशिवाय दुसरा विषय नाही, म्हणून ही बाई मला धडा शिकवते आहे. वरून गोड राहायचं आणि आतून असा सूड घ्यायचा. पण त्यात पोरीचा काय दोष?

२९ डिसेंबर

आज ठरवून बोललो. म्हटलं, शैला, तू नागपूरला चल, मी होडी उद्याच्या उद्या कोणालाही देऊन टाकतो. हे म्हणताना माझा आवाज थोडा कापला, लपवण्यात अर्थ नाही.

तिचे डोळे भरले. म्हणाली, "होडीनं काय केलं हो बिचारीनं? नका देऊ कोणाला." आणि पदराने नाक पुसत कणीक मळायला गेली.

म्हणजे होडीही नाही. मग काय? मला भीती वाटायला लागली आहे. काही दुखणं लपवत असेल का ही? डॉक्टरकडे नेलं तर सगळे रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले आले.

होडीच्या प्रकरणाचाही तपास केला. ग्वारीघाटावर जुन्या नावाड्यांना विचारलं. कोणी बुडाल्याचं एकालाही आठवत नाही. म्हणजे प्रकरण दाबलेलं आहे.

११ जानेवारी

इपॉक्सी भरून झाली. घासून, रंगवून अशी गुळगुळीत केली की नखसुद्धा अडकत नाही. पाटीही तयार आहे. साहेबाचं नाव काकूंना आठवत नाही म्हणून नुसतं 'साहेब', खाली बाबाराव, खाली भय्यासाहेब, खाली मी. भय्यासाहेब आणि माझ्या मधली जागा डोळ्यात खुपते. एवढी वर्षं कशात गेली, ते लिहायला नको?

नर्मदा जयंती पंचवीस तारखेला, रविवारी आहे. त्याच दिवशी होडी पाण्यात जाईल. मराठी मंडळाच्या सगळ्यांना बोलावलं आहे. माझी इच्छा अशी, की पहिल्या खेपेला शैलाने पुढे बसावं, पलीकडच्या काठाला नारळ वाहावा आणि गीतांजलीसाठी काय मागायचं ते मागावं. मी नवस मानत नाही, पण तिला बरं वाटेल. इतकं मी तिच्यासाठी वाकलो.

ती म्हणाली, "मी याच काठावरून ओवाळीन. बसणार नाही."

१४ जानेवारी

संक्रांत. तिने तीळगूळ पुढे केला, मी घेतला नाही. म्हटलं, माझ्या होडीत बसत नाहीस, माझ्यासोबत पोरीकडे येत नाहीस, मग हे गोड कोणासाठी बोलायचं? तिने वाटी तशीच ओट्यावर ठेवली. संध्याकाळी बघितलं, तर मुंग्या लागल्या होत्या.

२४ जानेवारी

होडी ग्वारीघाटाला उतरवून बांधून ठेवली. एक थेंब आत नाही. अंजनी म्हणाला, "भैया, मान गए." नंतर संध्याकाळी दोर बघायला गेलो तेव्हा लाकूड आतून कुरकुरत होतं. जुना दरवाजा पावसाळ्यात कुरकुरतो तसं. म्हटलं, म्हातारी इतक्या वर्षांनी पाण्यात आली, बोलणारच.

पास केली.

२५ जानेवारी, रविवार

पडल्या पडल्या लिहितो आहे, अक्षर वाकडं येईल.

सकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. शैलाने होडीला हळद-कुंकू लावलं, ओवाळलं. मंडळाच्या लोकांसमोर मी पुन्हा एकदा हात पुढे केला. तिने मान हलवली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "राहू द्या, आमच्या मंडळींना पाण्याची ॲलर्जी आहे." लोक हसले. ती नाही हसली.

मी आणि अंजनी, दोघंच निघालो. मधल्या धारेपर्यंत राणीसारखी चालली. तिथे पायाखाली काडकन आवाज झाला. मग दुसरा. लाकडाला फुगायला जागा पाहिजे होती आणि मी ती दगडाने भरून ठेवली होती. एक अख्खी फळी खिळ्यांसकट उपटून निघाली आणि पाणी घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत आलं. अंजनी डब्याने उपसत होता आणि राम राम म्हणत होता. मी वल्हं मारत राहिलो, कारण पलीकडचा काठ जवळ होता. तिथे पोचता पोचता होडी बाजूला कलंडली, वल्ह्याचा दांडा कपाळावर बसला आणि मी पाण्याखाली गेलो.

दोन नावाड्यांनी ओढून काढलं. मी पलीकडच्या वाळूवर पडलो होतो, तोंडातून पाणी, कपाळातून रक्त. मान वळवून बघितलं. समोरच्या घाटावर शैला गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्याजवळ एक नाव आली. नावाडी तिला हात देत होता, चढा म्हणत होता. तिने एक पाय उचललेला मी स्वतः बघितला. मग तो पाय तिने परत पाण्यात ठेवला. दोन्ही हात तोंडावर घेऊन ती तिथेच उभी राहिली.

मी पलीकडे मरत होतो आणि माझी बायको नावेत चढली नाही.

तिने कोरडे कपडे, शाल आणि थर्मास त्या नावेतून पाठवला. मी चहा वाळूत ओतून दिला. होडी तिथेच वर ओढून ठेवली आहे. मला अंजनीच्या भावाने गाडीत घालून तिलवाऱ्याच्या पुलावरून घरी आणलं. कपाळाला टाके पडले. तिने हळद घातलेलं दूध आणलं, मी कूस बदलली. आता आमच्यात बोलण्यासारखं काही उरलं असं मला वाटत नाही.

२६ जानेवारी

सकाळीच पियूषचा फोन. गीतांजलीला दवाखान्यात भरती केलं. बीपी उतरत नाही. उद्या-परवाकडे ऑपरेशन करून बाळ काढणार. दोघांपैकी कोणाचीच खात्री देत नाहीत. फोनवर पोरगा रडत होता.

शैलाने ऐकलं आणि कुपीपुढे दिवा लावायला गेली. मी तिच्याशी बोललो नाही. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट बघायचं ठरवून आधी काकूंकडे गेलो. होडीची वाट लावली, ते निदान तोंडाने सांगावं म्हणून.

त्यांना सगळं कळलं होतं. होडीबद्दल चकार शब्द काढला नाही. मीच बोलत सुटलो. शैलाबद्दल, नागपूरबद्दल, त्या उचललेल्या पायाबद्दल. म्हटलं, असं दगडाचं काळीज बाईचं असू शकते का? माझा आवाज चढला होता.

काकूंनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "शैलानं मला शपथ घातली आहे, म्हणून तिचं मी काही सांगणार नाही. पण माझं सांगायला मला कोणाची बंदी नाही. तू विचारत होतास ना, होडी वर का टांगली?"

"कोण बुडालं होतं?"

"कोणी बुडालं नाही रे. अठ्ठ्याहत्तरच्या कार्तिकी एकादशीला मी परिक्रमा उचलली होती. पायी. परिक्रमेत मैया ओलांडायची नसते, हे जबलपूरच्या माणसाला मी सांगायला पाहिजे का?"

मी पुढे सरकून बसलो.

"तीन वर्षांच्या वर मी काठाकाठाने चालत होते. परत आले तर होडी आढ्याला. ह्यांना विचारलं, हे काय? म्हणाले, तू तिकडे तिला न ओलांडता चालली आहेस आणि मी रविवारी मजेत पलीकडे जायचं, हे मला जमलं नाही. तू गेलीस त्याच आठवड्यात काढली. कोणाला बोलले नाहीत. मला तरी कुठे बोलले होते? मग दरवर्षी म्हणायचे, आधी भिजवू, मग सोडू. पण ती राहिली तिथेच, आणि खरं सांगू, मला ती तिथे टांगलेली बघायला आवडायचं."

कुपी. चटई. एकवेळचं जेवण. एकादशीला मंडल्याची बस, म्हणजे परिक्रमेचा पहिला टप्पा. नागपूरचा प्रत्येक रस्ता, प्रत्येक गाडी नर्मदा ओलांडूनच जाते. तिने संकल्प केला तेव्हा गीतांजली इकडे येणार होती, ओलांडायचा प्रश्नच नव्हता. आणि मग आठ डिसेंबरला तो फोन आला. मी आयुष्यभर केसाएवढी खोट पकडली, आणि माझ्या घरात हे सगळं डोळ्यांसमोर मांडून ठेवलेलं मला दिसलं नाही. मला तिथे रडू आलं. काकूंनी पाणी दिलं.

मी विचारलं, हा संकल्प मोडता येते का? काकू म्हणाल्या, "ती मोडणार नाही. तिला वाटते, मोडला आणि पोरीचं काही झालं तर? तू तिच्या जागी असतास तर मोडला असतास?" मग म्हणाल्या, "ओलांडता येत नाही, मोहन. वळसा घालता येतो."

घरी आलो. शैला स्वयंपाकघरात माझ्यासाठी दशम्या बांधून देत होती. मी म्हटलं, दोघांच्या बांध. तिने मान वर केली नाही. म्हटलं, "पुलावरून नाही नेत तुला. वरून नेतो. अमरकंटकवरून. ती जिथे निघते, तिथून वळसा घालून."

तिच्या हातातला डबा तसाच राहिला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"भय्यासाहेबांनी," मी म्हटलं.

ती खाली बसली आणि इतके दिवस कोंडलेलं सगळं रडली. मीही बसलो. म्हणाली, काल पाय उचलला तेव्हा मनात एकीकडे तुम्ही आणि एकीकडे पोर, असं झालं होतं. तुम्ही हात हलवलेला दिसला म्हणून पाय खाली ठेवला, नाही तर चढले असते. मी हात हलवल्याचं मला आठवत नाही.

विचारलं, मला काहून नाही सांगितलं? म्हणाली, "तुम्ही नवस करू नको म्हणाला होता. म्हणून नवस नाही केला. परिक्रमा उचलली." 

२७ जानेवारी, अमरकंटक

पहाटेच गाडी काढली. कुंडम, शहापुरा, शहडोल, सगळा रस्ता उत्तर काठाचा. अंजनी सोबत येतो म्हणत होता, पण त्याला छातीत कफ झाला आहे, माझ्याच कृपेने. कपाळाचे टाके ठसठसतात. कुपी शैलाच्या मांडीवर, डाव्या हाताने धरलेली, दिवसभर.

घाटात शिरल्यापासून फोनला रेंज नाही. दुपारी पियूष म्हणाला होता, डॉक्टर थांबायला तयार नाहीत, आजच घेतात. त्याच्यानंतर काही कळलं नाही. दर वळणावर शैला फोन वर धरून बघते आणि खाली ठेवते. आम्ही उलट्या दिशेने तर नाही ना आलो, पुलावरून गेलो असतो तर आत्ता पोरीच्या उशाशी असतो, हे माझ्या मनात येत होतं. तिच्याही येत असणार. 

उगमाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. इथे ती अगदी एवढीशी आहे. पुढे एका जागी तर धार इतकी बारीक की एक ढांग टाकली की पलीकडे. मी त्या धारेसमोर उभा राहिलो. याच पाण्याने परवा मला गिळलं होतं. शैला लांबून वळसा घालून गेली. मला काही संकल्प नव्हता, कोणी बघतही नव्हतं. पण माझा पाय उचलला गेला नाही. मीही तिच्या मागून वळसा घालूनच गेलो.

दक्षिण काठावर आल्यावर तिने कुपी जमिनीवर ठेवून नमस्कार केला. तिला विचारलं, काय मागितलं? म्हणाली, आता मागायचं काही राहिलं नाही, जे झालं असेल ते ऐकायची ताकद दे म्हटलं.

२८ जानेवारी

कवर्ध्याजवळ रेंज आली. फोन लागोपाठ वाजत राहिला, एवढे निरोप साचले होते. शैला म्हणाली, गाडी थांबवा, तुम्ही वाचा. माझा चष्मा सापडेना.

मुलगी झाली. वजनाने कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे, पण रडली. गीतांजलीचं रक्त फार गेलं, रात्रभर जीव टांगणीला होता, आता धोका टळला.

रस्त्याच्या कडेला एका पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर आम्ही दोघं म्हातारे एकमेकांना धरून उभे होतो. पंक्चरवाल्याने विचारलं, टायर बैठ गया क्या?

संध्याकाळी नागपूर. गीतांजलीने आईला बघितलं आणि आधी तोंड फिरवलं. "आता आलीस," म्हणाली. शैला नुसती तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. मग मीच सांगितलं सगळं, माझ्या मूर्खपणासकट. पोर ऐकत होती. शेवटी आईचा हात ओढून तिने आपल्या गालाखाली घेतला आणि झोपली.

५ फेब्रुवारी, नागपूर

आज बाळाला पेटीतून काढून शैलाच्या हातात दिलं. मला दिलं नाही, म्हणे कपाळावर पट्टी आहे.

अंजनीला फोन केला. होडी पलीकडच्या वाळूवरच आहे. सांगितलं, माझी सगळी इपॉक्सी खरवडून काढायला लाव, मग दगड भरून उथळात बुडवून ठेव आणि पिऊ दे तिला पाणी, घाई नाही. पाटीवर भय्यासाहेबांच्या खाली सत्यवतीकाकूंचं नाव घालायचं आहे. माझं तूर्त पुसून टाकायला सांगितलं. मला अजून होडी कळलेली नाही.

दुपारी दवाखान्याच्या बाकावर शैला म्हणाली, "एक घोळ झाला आहे. आपण आता दक्षिण काठावर आहो. परिक्रमा पुरी झाल्याशिवाय मला घरी जाता येत नाही."

मी म्हटलं, मला माहीत आहे, मी नकाशा बघून ठेवला. बाळ सव्वा महिन्याचं झालं की निघू. या काठाने थेट समुद्रापर्यंत, आणि तिथून वळून त्या काठाने घर.

"आपण?"

"आपण. कुपी धरायला कोणी पाहिजे ना, तू चहा पिशील तेव्हा."

तिने मांडीवरची कुपी सारखी केली. मग म्हणाली, "समुद्राजवळ मात्र नावेत बसावं लागते. तिथे तेवढी परवानगी आहे." आणि माझ्या कपाळाकडे बघत विचारलं, "चालवणार कोण?"

म्हटलं, मी नाही.

"मग बसते," ती म्हणाली.